कॉफीच्या पिंपाला सुनावताना

आर्डिस त्वेतेनला उभ्या आयुष्यात कुणाला तोंडावर 'नाही' म्हणता आलं नव्हतं. मिनियापोलिसच्या त्या गल्लीत याला दोष म्हणत नाहीत, चांगलं वळण म्हणतात. केक पुढे आला की दोनदा 'नको हो' म्हणायचं आणि मग अर्धा तुकडा उचलायचा; ते 'नको' खोटं असतं हे केकलाही ठाऊक असतं. नवऱ्याने मागणी घातली तेव्हा आर्डिस 'बघू या' म्हणाली, आणि ते बघणं नवरा वारला तोवर चाललं.

त्यानंतर तिच्याशी रोज दोन शब्द बोलणारा माणूस एकच उरला होता, तो म्हणजे शेजारचा रॉस्को गॅडिस. हा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, तिरकस जिभेचा आणि गल्लीतला एकुलता एक काळा माणूस. चर्चमागच्या सामायिक बागेत दोघांचे वाफे लागून होते.

एका उन्हाळ्यात पोलिसांच्या हातून एक काळा माणूस मेला, त्यावरून शहर पेटलं आणि विझलं. त्या हिवाळ्यात चर्चच्या तळघरात एक वर्ग सुरू झाला, गोऱ्या माणसांनी वर्णद्वेषाविरुद्ध कसं उभं राहायचं ते शिकण्यासाठी. चालवायची लॅव्हॉन, आर्डिसची शाळेपासूनची मैत्रीण. वर्गात वाचन व्हायचं, उसासे व्हायचे, कुणाचं तरी मन भरून यायचं. आणि मन भरून आलं की त्या गावात ओव्हन तापतो. खिमा, बटाटे आणि मशरूमचं डबाबंद सूप एकत्र भाजून केलेली हॉटडिश घेऊन कुणी ना कुणी गॅडिसच्या दारात हजर.

"आज काय आणि?" गॅडिस विचारायचा.

"काही नाही, माफी मागायला आलेय," आर्डिस म्हणायची.

"कशाची?"

"सगळ्याचीच."

"बरं. यात बटाटे आहेत?"

"आहेत."

"वाटलंच," म्हणून तो डिश आत न्यायचा. बिचाऱ्याच्या फ्रीजरमध्ये बर्फाला जागा उरली नव्हती.

मग वर्गात प्रत्यक्ष सराव ठरला. एकाने द्वेष्टा व्हायचं, दुसऱ्याने त्याला खडसवायचं. खडसवायला सगळे तयार, द्वेष्टा व्हायला कुणीच नाही. "ते माझ्या अंगातच नाही गं," असं जो तो म्हणायला लागला. शेवटी लॅव्हॉनने कॉफीचं तोटीवालं मोठं पिंप खुर्चीवर ठेवलं, त्याला आपला मफलर गुंडाळला आणि म्हणाली, "हा द्वेष्टा. करा सुरू." मंडळींनी पिंपालाही आधी "त्रास देतोय, राग मानू नका हं" म्हणून घेतलं! आर्डिस मात्र खुलली. "तोंड सांभाळ! माझ्यासमोर असलं चालायचं नाही!" पिंपापुढे तिचा आवाज असा काही चढायचा की लोक टाळ्या वाजवायचे. घरी जाताना तिला वाटायचं, आपण आता कुणालाही भिणार नाही.

वसंतात गॅडिसने तिला कुंपणापाशी गाठलं. "माझा वाफा काढून घेताहेत. बागेच्या शोभेत बसत नाही म्हणे. उद्या बैठक आहे."

"अरे देवा! मी काही करून आणू का?"

"आर्डिसबाई, हॉटडिश आणलीत तर कुंपणावरून परत भिरकावीन. बैठकीला या आणि बोला. वाफा गेला तर मी चाललो अटलांटाला, लेकीकडे. इथे मला धरून ठेवायला दुसरं आहे काय? तुमचे बटाटे?"

"पण तक्रार कुणाची आहे?"

"बागेच्या समितीची अध्यक्ष कोण?"

अध्यक्ष लॅव्हॉन.

बैठक त्याच तळघरात भरली. लॅव्हॉनचा आवाज साखरेत घोळलेला. "रॉस्कोंविरुद्ध काही नाही हं. त्यांच्यासाठी तर आपण हिवाळाभर शिकलो. पण कॉलर्डच्या त्या दक्षिणी पालेभाजीची एवढाली पानं... जरा वेगळं दिसतं, नाही का?"

आर्डिस उठली. लॅव्हॉनने तिच्याकडे मायेने पाहिलं आणि आर्डिसने नजर वळवली. तेवढ्यात कोपऱ्यातलं पिंप दिसलं, मफलर अजून तसाच. ती त्याच्याकडे वळली आणि कडाडली, "का रे, तुझी सूर्यफुलं दरवर्षी वाटेवर आडवी पडतात, त्यांनी शोभा वाढते वाटतं?"

तळघराचा जीव भांड्यात पडला. आता कुणी कुणाला काही बोलत नव्हतं. लॅव्हॉनही पिंपाकडे वळली. "आणि तुला नियम नकोत का रे? जुन्या मैत्रिणीचा मान नको?"

"मैत्री मैत्रीच्या जागी!" आर्डिसने पिंपाला ठणकावलं.

पिंप गुडगुडलं. म्हातारा ऑर्व्हिल कप घेऊन उभा होता. "मध्येच कॉफी घेतली तर चालेल का? की यांचं संपू दे?"

गॅडिसचा संयम सुटला. "माझा वाफा पिंप काढून घेतंय का? तसं असेल तर मी त्याच्याशीच बोलतो, तुम्ही सगळे घरी जा! आर्डिसबाई, ती तिकडे बसलीय."

आर्डिस वळली.

"लॅव्हॉन, नाही."

"काय नाही?"

"वाफा काढायचा नाही. तुझी फुलं पडली तरी चालतात आणि यांची पानं उभी राहिलेली चालत नाहीत. का, तर हे काळे आहेत म्हणून. तुला ते ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं, मी गप्प बसले."

वाफा ठेवावा म्हणून पहिला हात आर्डिसचा वर गेला. मग ऑर्व्हिलचा, कपासकट. मग हळूहळू बाकीचे, नाइलाज झाल्यासारखे. वाफा राहिला.

लॅव्हॉनने पिंपाचा मफलर सोडला, गळ्यात घातला आणि निघून गेली. जिथे निरोप घेताना दारात तासभर उभं राहतात, तिथे ती 'येते' एवढंही म्हणाली नाही. आर्डिस घरी येऊन ढसाढसा रडली. पुढच्या रविवारी लॅव्हॉन चर्चमध्ये दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसली.

उन्हाळ्यात गॅडिसने कुंपणावरून वाडगा पुढे केला. त्यात टर्कीचं मांस घालून शिजवलेली कॉलर्डची भाजी होती. आर्डिसने एका 'नको हो'शिवाय घेतली आणि खाल्ली.

"कशी झालीय?"

नावडलं की तिथे म्हणतात ते 'वेगळीच आहे हं' हे शब्द सवयीने ओठांवर आले. ते तिने घासाबरोबर गिळले. "खारट आहे."

गॅडिस पोट धरून हसला. "आता मी सांगू? तुमची एकही हॉटडिश मी खाल्ली नाही. अजून फ्रीजरमध्ये पडल्यात."

"एकही नाही?"

"एकही नाही."

आर्डिसला राग आला. खराखुरा राग, तोही समोर उभ्या असलेल्या माणसाचा. तिचं तिलाच नवल वाटलं.

"मग माझी भांडी परत द्या," ती म्हणाली. "आणि लॅव्हॉनचंही द्या. ते घेऊन मला तिच्या दारात जायचंय."