झर कुठल्या हाताला?

चंद्रावतीबाई डिचोलीला बारावीच्या मुलांना गणित शिकवायच्या. अन्याय दिसला की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई, आणि त्यांच्या पाळी गावात खाण सुरू झाल्यापासून ती खाली उतरतच नसे.

त्यांच्या वाड्यावरची बारा घरं एका झरीचं, डोंगरातल्या झऱ्याचं, पाणी पीत. पायवाटेने वर जाताना झर डावीकडे. हद्दीचे दगड तीन: दोन वाटेवर, तिसरा झरीपाशी. खाणीच्या नकाशात मात्र झर उजवीकडे, आणि डावीकडे माती टाकायला मोकळी जागा! नकाशेवाल्याने ट्रेसिंगचं कापड उलटं ठेवलं होतं. अक्षरं तेवढी मागाहून सुलट लिहिली होती.

"बाजूंचं प्रमाण जुळतं," मोजणी कचेरीतला साहेब बाईंची तक्रार वाचून म्हणाला. "तीन दगडांचे त्रिकोण समरूप. मग भांडता कशाला?"

"आरशातला साहेबही समरूपच. त्याला पगार देता?"

बाईंनी कागद ओढला. वाटेवरचा खालचा, पहिला दगड शून्य, वरचा, दुसरा एक मानला, की तिसरा एका संमिश्र संख्येत मावतो: एक तृतीयांश अधिक अर्धा आय, गणितातला i. म्हणजे दुसऱ्या दगडाकडे तिसरा हिस्सा चाला, डावीकडे काटकोनात वळा, अर्धं अंतर जा. नकाशा लहान करा, फिरवा, संख्या तीच. उलटा केलात तरच अधिकाचं उणे होतं.

"तुमच्या नकाशात उणे आलंय!"

"आय म्हणजे काल्पनिक ना?" साहेब हसला. "बाई, सरकार काल्पनिक पुरावा घेत नाही."

गाढवापुढे वाचली गीता! बाईंनी फेरमोजणीचा अर्ज खरडून टेबलावर आपटला.

फेरमोजणीचा हुकूम निघाला, पण चार महिन्यांनी. तोवर ट्रकांनी झरीवर मातीचा डोंगर रचला होता. बायका कळशा घेऊन नदीवर जात; त्यांत बाईंची सत्तरीची आई, यशोदाही.

मोजणीदार शंभू आला. वाटेवरचे दोन दगड सापडले, तिसरा ढिगाखाली; तो डोकं खाजवत उभा राहिला. "तिसरो फातर खंय, बाय? फातर ना जाल्यार मोजणी जावची ना."

बाईंनी त्याची मोजणीची साखळी हातात घेतली. दोन दगडांत साठ मीटर. पहिल्यापासून वीस चालल्या, डावीकडे वळल्या, पदर खोचून ढिगावर चढल्या. साखळी आडवी ताणत तीस मीटर भरले, तिथे त्यांनी टाच रोवली.

"हांगा. म्हज्या पांयांखाला."

"बाय, खणपाची ऑर्डर ना."

"माती घालपाची आशिल्ली?"

माती टाकताना कुणी हुकूम विचारला होता! शंभू बाजूला सरला. बाईंनी पायवाटेवर कळशी घेऊन थांबलेल्या आईला कुदळीसाठी हाक मारली, "आई, पिकास हाड गो!"