शालूतला काका आणि शिरढोणचे पाहुणे

चहा आधी संपवा, मग सांगतो. नाहीतर ठसका लागेल. पाहुण्यांसमोर फजिती कुणाची होत नाही? पण अंगावर आईचा शालू असताना झालेली माझी एकट्याचीच असावी.

नव्वदीच्या आसपासची गोष्ट. आम्ही पनवेलला चाळीत राहायचो. रविवारी सकाळी टीव्हीवर एक विनोदी मालिका लागायची. त्यातलं कुटुंब म्हणजे एकेक नमुना. आत्या मोरपिसं खोचून खिडकीतून घरात शिरायची, काका मखमली झगा घालून दाढी करायचा, आणि बोलणं सगळं गाण्यात. नुसतं मीठ हवं असलं तरी पेटी बाहेर निघायची. मी तर पुरता खुळावलो होतो.

शेजारच्या दिलीपकडे टीव्ही नव्हता. तो आमच्याकडे बघायला यायचा. दारावर ठेका वाजवायचा, आणि मी काका बनून गातच दार उघडायचं, हे ठरलेलं.

त्या रविवारी माझ्या बहिणीला, सुधाला, बघायला शिरढोणहून पाहुणे यायचे होते. पण दुपारी. तोवर मालिका आरामात संपली असती. मी आईचा जांभळा शालू पांघरला, टॉवेलचा फेटा बांधला, काजळाने मिशा काढल्या. दार वाजलं. ठेका जरा चुकला, पण दिलीप चुकायचाच.

मी दार उघडलं आणि हात पसरून तान घेतली, "आला रे आला, फुकट्या आला, पोहे गिळायला..."

दारात टोपी घातलेले एक गृहस्थ, त्यांची बायको आणि कडक इस्त्रीतला मुलगा.

"पोरीचं घर हेच हाय ना?" गृहस्थांनी शांतपणे विचारलं. "आमाला टेम्पो भेटला, म्हणून लवकर आलो."

आई आतून धावत आली. मला बघून तिला जे सुचलं ते तिने ठोकून दिलं. "हा नाटकात काम करतो."

"असं? मग म्हणा की अजून जरा."

आता नाही कसं म्हणणार? गायलो. शालू घसरतोय, घामाने मिशा हनुवटीवर उतरल्यात. सुधा पोहे घेऊन आली आणि मला बघून तिचा चेहरा पडला. तिला मुलाचा फोटो फार आवडला होता हो. मी तान अर्ध्यावरच सोडली. वाटलं, बहिणीचं जमत आलेलं लग्न मी मोडलं.

तेवढ्यात तो मुलगा टीव्हीकडे बघत हळूच सुधाला म्हणाला, "आत्या येऊन गेली का खिडकीतून?"

"अजून नाही," सुधा म्हणाली, आणि हसली. मग दोघांनी शेवटपर्यंत मालिका बघितली. पोह्यांकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

निघताना गृहस्थ वडिलांना म्हणाले, "पोरगी पसंत हाय. आमचं मागणं काय नाय."

मग माझ्याकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त मंगलाष्टकांना ह्यांच्या हातात माइक देऊ नका."