पायाळूचं बोअर

जन्मभर मी अमरावतीच्या एका कॉलेजात पोरांना दगड शिकवले. भूगर्भशास्त्र म्हणतात त्याला, पण आमच्या नात्यागोत्यात त्याला कोणी हिंग लावून विचारत नाही. तिथं माझी किंमत वेगळ्याच कारणानं आहे. मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढले. पायाळूची लाथ बसली की कमरेत भरलेली उसण पळते, यावर आमच्याकडे सगळ्यांचा विश्वास. एका लग्नाच्या मांडवात, शालू नेसून, मी मामेसासऱ्यांच्या कमरेत लाथ घातली आहे. घालून झाल्यावर वाकून त्यांच्याच पाया पडले.

पायाळूला जमिनीखालचं पाणीही कळतं म्हणे. म्हणून दर्यापूरकडच्या माझ्या आत्याबाईचा फोन आला.

"आंगणात बोअर मारून रायली मी. जागा दाखवाले ये."

"आत्याबाई, तुमचं गाव खारपाणपट्ट्यात. कुठंही खणा, खारंच लागणार."

"थे तुही डिग्री ठेव घरी. पाय घेऊन ये."

गंमत वाटली, पण आत्याबाईसाठी ती गंमत नव्हती. तिच्या किडन्या बिघडल्या होत्या. अकोल्याच्या डॉक्टरनं गावातल्या बोअरचं खारं पाणी बंद करायला सांगितलं होतं आणि गावच्या नळाचा काही भरवसा नव्हता. तिचा मुलगा, आमचा दादा, अकोल्याला फ्लॅटमध्ये राहतो. त्यानं शेवटचं सांगितलं होतं, "आंगणात गोड पाणी लागलं तर राहा, नाही तर चल माझ्याकडे." लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या घरात होती. आता तिचं तिथलं राहणं माझ्या तळपायांवर आलं होतं.

गेले. बोअरची गाडी येऊन उभी, अर्धं गाव जमलेलं, अकोल्याहून दादाही आलेला. मी शेवटचा प्रयत्न म्हणून वर्ग भरवला. खाली लाव्हारसाचा काळा दगड आहे, तो सातपुड्याच्या पायथ्याशी खचला, त्या खोलगटात पूर्णेनं आणि तिच्या नाल्यांनी गाळ भरला, पाणी साचलं, आटलं, मीठ मागं राहिलं.

"म्हंजे इथं समुद्र होता काय?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"समुद्र नाही हो. नुसता गाळ."

समुद्र नाही म्हटल्यावर लोकांचा रसच गेला. आत्याबाईनं माझ्या चपला काढून घेतल्या आणि तळहातावर नारळ ठेवला. पाणी असेल तिथं आडवा नारळ आपोआप उभा राहतो म्हणे. मी, एमएस्सी, अनवाणी, हातावर नारळ घेऊन अंगणभर फिरत होते. गोठ्यापाशी पायात बाभळीचा काटा गेला, मी "आई गं!" म्हणून उडी मारली, नारळ धाडकन खाली.

"इथंच!" सगळे एकदम ओरडले. काटा आहे म्हणून मी सांगत होते, पण ऐकतो कोण!

मशीन सुरू झालं. पिवळी माती आली, मग करडा चिखल, आणि त्या चिखलात इवल्या इवल्या गोगलगायींचे शंख! जुन्या काळच्या पाणथळीतले. माझं भान सुटलं. मी पदरात शंख वेचायला बसले. आत्याबाई डोक्याशी येऊन उभी राहिली.

"शंक पिऊ का आता मी?"

मी गपकन उठले. तेवढ्यात पाणी लागलं. टाळ्या, हळद-कुंकू, फोडलेला नारळ. पहिला घोट पायाळूचा. आत्याबाईनं स्वतः पेला दिला. दादा गाडीची किल्ली बोटावर फिरवत माझ्या तोंडाकडे बघत होता. ती पण बघत होती. खोटं बोलायची फार इच्छा झाली. पण त्या किडन्या!

"खारं आहे, आत्याबाई."

तिनं माझ्या हातातून पेला घेतला, उरलेलं पाणी तुळशीला घालायला गेली, थबकली आणि नालीत ओतलं. मग मला म्हणाली, "काटा निंगला का तुहा?" मला तिथंच रडू फुटलं.

दिवाळीनंतर अकोल्याला तिच्याकडे गेले. तब्येत सुधारली होती, गालांवर जरा मांस आलं होतं. पण फिल्टरच्या पाण्याबद्दल तिची तक्रार संपत नव्हती. "या पान्याले चवच नाही व माय. चहा नुसता वल्ला लागते." सून स्वयंपाकघरात गेल्यावर तिनं माझा हात धरला.

"गावाकडे जाशील तं आपल्या बोअरचं पानी आण एक बाटली. प्यायची नाही. डॉक्टरची आन."

पुढच्या खेपेला आणली. कोणाला न सांगता, पर्समध्ये लपवून. तिनं बुचात थोडं ओतलं, बोट बुडवलं आणि जिभेवर टेकवलं. डोळे मिटून बसली.

"हं," म्हणाली, "घरचं हाये."

मग बूच घट्ट लावलं आणि बाटली माझ्याच पर्समध्ये परत ठेवली.