अबू जासिमच्या छपराचा पेपर

ही हकिकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विषय काढलाच तर गारांचे फोटो दाखवून वेळ मारून नेली. आता रिटायर झालोय. जे झालं ते तसंच सांगतो.

तेव्हा मी कतारमध्ये पॉलीहाऊस उभारणाऱ्या कंपनीत होतो. उम्म सलाल मोहम्मद गावाच्या पलीकडच्या शेतांवर दुपारी गारपीट झाली होती. मी पोचलो तेव्हा वाळू दिसतच नव्हती, सगळं पांढरंफेक. म्हातारा शेतमालक अबू जासिम गारांत उभा राहून व्हिडिओ काढत होता. नातवंडं आइसबॉक्समध्ये गारा भरत होती. मी देवरे, नाशिकचा. आमच्याकडे गारा पडल्या की कुणी फोटो काढत नाही. मी त्याला वर बोट दाखवलं. त्याच्या पॉलीहाऊसच्या छपराच्या चिंध्या लोंबत होत्या.

पॉलीहाऊस म्हणजे लोखंडी सांगाड्यावर ताणलेलं जाड प्लॅस्टिक. आम्ही त्याला पेपर म्हणतो. आत काकडी होती. रात्री गार वारा सुटला असता तर सकाळी सगळे वेल झोपलेले दिसले असते.

आमच्या कंपनीच्या अल रय्यानच्या स्टोअरमध्ये पेपरचे रोल होते, पण ते कॉन्ट्रॅक्टवाल्या गिऱ्हाइकांसाठी राखलेले. अबू जासिमचं कॉन्ट्रॅक्ट नव्हतं. बॉसची परवानगी लागणार, आणि बॉस विमानात. स्टोअरला वसईचा बावतीस डिमेलो होता. त्याला फोन लावला.

"बॉस काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"हो म्हणाले. पाठव."

"मग यल्ला, निघालोच," म्हणत तो स्वतःच पिकअप घेऊन आला.

पुढची संध्याकाळ म्हणजे लग्नघरच. आजूबाजूच्या शेतांवरचे नेपाळी, बंगाली, मिसरी कामगार न बोलावता आले. कुणी शिड्या आणल्या, कुणी तंबूचे दोर. अबू जासिम खालून सूचना देत होता आणि कुणीही त्या ऐकत नव्हतं. शेवटी त्याने भाताची परात मांडली, तेव्हा मात्र सगळ्यांनी ऐकलं. छप्पर झालं. काकडी वाचली.

परतल्यावर बॉसनी मला एकट्याला आत बोलावलं. "डिमेलो म्हणतो, माझी परवानगी आहे असं तू त्याला सांगितलंस."

मी म्हणालो, "त्याच्या ऐकण्यात काही घोळ झाला असेल, सर."

डिमेलो स्टोअर इन-चार्ज होणार होता. ती खुर्ची दुसऱ्याला मिळाली.

यातून शिकण्यासारखं एवढंच: परवानगी नसेल तर नाही असं सांगूनच सामान मागावं. डिमेलोने तरीही पाठवलं असतं.

गेल्या वर्षी वसईला त्याच्या घरी गेलो. माफीची वाक्यं वाटेत घोकली होती. जेवायला बसल्यावर तो बायकोला सांगू लागला, "बॉसने दिलेला शब्द फिरवला, माझी बढती गेली. पण देवरेसाहेब बॉसबद्दल कधी वावगं बोलले नाहीत. असा सज्जन माणूस."

वहिनींनी माझ्या पानात सुरमईची आणखी एक तुकडी वाढली.

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "वहिनी, कालवण फार छान झालंय."