डबा पुरता रिकामा नसतो

वाळवंटातल्या आमच्या येरुहाम गावात रशियातून ज्यू लोक येऊन स्थिरावले होते, त्या सुमाराची गोष्ट. माझी नात बारावीला होती. तिची आई बाटल्यांच्या कारखान्यात पाळीला जायची, म्हणून शाळा सुटली की पोरगी माझ्याकडे यायची. त्याच कारखान्यात, बाटल्या खोक्यांत भरायच्या पट्ट्यावर मीही उभी राहिले होते, गुडघे जाईपर्यंत. नातीला बेरशेबा शहरात जाऊन नर्सिंग शिकायचं होतं. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत नापास झाली तर तिथे कोणी दारात उभं करणार नव्हतं. मग उरला पट्टा. आमच्या घरातली तिसरी बाई त्या पट्ट्यावर जायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती पास झाली तर मालिदा करीन, असा मी नवस बोलले.

घरात इंग्रजी बोलणारी मी एकटी. शाळा चौथीपर्यंतच, पण मुंबईला भायखळ्यात एका मडमेची मुलं सांभाळली होती, त्यामुळे तोंड उघडायला लाजत नाही. पोरीला मराठी समजतं, पण बोलायची वेळ आली की ती हिब्रूत शिरते. मला सावता म्हणते. आजीला हिब्रूत तसं म्हणतात.

तिच्या शिक्षिकेने शब्द दिले होते: कम्प्लीटली, टोटली, एंटायर्ली, ॲब्सोल्यूटली. पूर्ण, अगदी, शंभर टक्के, असं सांगणारे. हे वापरले की परीक्षक खूश होतात म्हणे. पोरीने इकडेतिकडे पाहिलं, तांदळाचा डबा उघडला आणि म्हणाली, "द बॉक्स इज कम्प्लीटली एम्प्टी."

"तोंड आवर," मी म्हटलं. "माझ्या घरात तांदूळ संपले म्हणत नाहीत. वाढले म्हणतात."

"सावता, आत बघ! काहीच नाही!"

"मूठभर आहेत तळाला. ते मी कधी काढत नाही. डबा खरवडला की घराची बरकत जाते."

"मग इंग्रजीत काय म्हणू?"

"ऑल्मोस्ट म्हण. जवळजवळ."

ती हसली. मग म्हणाली, "आय ॲम ॲब्सोल्यूटली शुअर, आय विल पास."

"थू थू कर आधी! निकाल लागायच्या आधी असं बोलतात का? ऑल्मोस्ट शुअर."

"दाय, सावता!" म्हणजे पुरे आता. "परीक्षा माझी आहे, तुझी नाही."

"नवस माझा आहे."

असं महिनाभर चाललं. ती पूर्ण म्हणाली की मी जवळजवळ म्हणायला लावायची. शेवटी तिच्या जिभेला सवयच लागली.

परीक्षेच्या दिवशी घरी आली ती दप्तर फेकतच. परीक्षक यरुशलेमहून आलेली, चष्मेवाली बाई. तिने विचारलं, तयारी झाली का? ही म्हणाली, ऑल्मोस्ट. तुझं गाव शांत आहे का? ऑल्मोस्ट. घर सोडून राहायची तयारी आहे का? ऑल्मोस्ट. बाईने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुला दुसरा शब्द येत नाही का?"

"तुझ्यामुळे, सावता! मी मेले तिथे."

"मग तू काय केलंस?"

काय करणार, तिने बाईला डब्याची गोष्ट सांगितली. आमच्या घरात तांदूळ संपत नाहीत, वाढतात. तळाला मूठभर ठेवायचे. बांगडी फुटत नाही, वाढते. आजी घरातून निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणते. बाई विचारत गेली, ही सांगत गेली. चुकलं, अडखळलं, पण थांबली नाही. बाहेरची पोरं ताटकळली. शेवटी बाईने विचारलं, आजी कुठे शिकली? ही म्हणाली, "ऑल्मोस्ट नोव्हेअर."

"हे कशाला सांगितलंस?"

"खरं आहे ना?"

खरंच होतं. मी तिला चहा दिला.

निकाल लागला. गुण फार नव्हते, पण बेरशेबाला पुरले.

आम्हा मराठी ज्यूंत नवस फेडताना एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मालिदा करतात. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वर फळं. शेजारची माणसं बोलावली होती. पोहे कमी पडतील असं दिसलं, तसा मी पोह्यांचा डबाच परातीत पालथा केला आणि तळाला थोपटलं.

पोरगी बघत राहिली. "मूठभर ठेवायचे ना?"

"नवसाला नाही. नवस अर्धा फेडत नाहीत."

तिने डब्यात डोकं घालून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "कम्प्लीटली एम्प्टी!"

"वाढले म्हण," मी म्हटलं, "आणि बेरशेबाहून येताना पोहे घेऊन ये."

रविवारी ती सकाळच्या बसने गेली. बसच्या पायरीवर उभी राहून मराठीत म्हणाली, "येते." बसवाल्याने हॉर्न वाजवला. मी घरी आले आणि डबा धुऊन उन्हात ठेवला.