नाखवा सरांचे अर्धे वाक्य

आठवीच्या परीक्षेला जाताना माझ्या खिशात देवीच्या अंगाऱ्याची पुडी होती. विज्ञान शिकवणाऱ्या नाखवा सरांनी ती पाहिली, उघडली, पुन्हा नीट बांधून माझ्या हातात दिली आणि विचारले, "ही जपून ठेव. घनतेचे सूत्र कुठे ठेवलेस?" ही आमची पहिली ओळख. सर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले, पण मला वैताग देणे त्यांनी सोडलेले नाही.

सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरव समितीने मला बजावले आहे, की अंकात सरांच्या ग्रंथालयाविषयी लिहा, कौलाचे प्रकरण नको, शुभकार्यात कशाला? पण सर त्या ग्रंथालयातून का गेले, हे वगळून लिहायचे तरी काय?

निवृत्तीनंतर गावचे ग्रंथालय सरांनीच चालवले. आमच्याकडे देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी आधी पडली तर देवीचा होकार. गेल्या वर्षी ग्रंथालयाच्या वर्धापनदिनाच्या भाषणात सर म्हणाले, "कौल हा ओल्या पाकळीचा खेळ आहे. वाळली की पडते. पण माझी आई कौल घेतल्याशिवाय बाबांची होडी सोडू देत नसे, आणि तिला मी खुळी म्हणणार नाही." कोणीतरी फक्त सुरुवातीचा व्हिडिओ फिरवला आणि बोर्लीच्या बाजारापर्यंत माणसे भडकली.

देवस्थानचा सचिव म्हणून गावकीच्या सभेपुढे ठेवायचा निषेधाचा अर्ज मीच लिहिला. मी कौल मानतो. मला खरोखरच लागले होते. अर्ज सरांना दाखवायला घेऊन गेलो, तर सर म्हणाले, "आईचे वाक्यही लिही." मला हायसे वाटले. म्हटले, "सर, गावकीत तेवढेच बोला, सगळे निवळेल."

"पहिलेही माझेच आहे रे."

आता काय करावे अशा माणसाला!

गावकीत अध्यक्षांनी हात जोडले. "मास्तर, दोन सबूद माफीचे बोला, न्हाय तं चावी ठेवा."

"कोणाचे मन दुखावले असेल त्याने घरी येऊन मला खुशाल बोलावे, मी ऐकून घेईन," सर म्हणाले. "पण जे पटते ते बोललो, त्याची माफी कशी मागू?" त्यांनी ग्रंथालयाची चावी ठेवली. ती माझ्याकडे आली.

त्याच संध्याकाळी सर नेहमीसारखे माझ्या मुलीला दहावीचे गणित शिकवायला आले. चहा ठेवताना बायकोने माझ्याकडे असे पाहिले, की मी उठून अंगणात गेलो. सर रुसले असते तरी मला बरे वाटले असते.

आज वर्ष झाले, ग्रंथालय बंद आहे. खाऱ्या वाऱ्याने कुलूप गंजले. आणि ज्यांनी ते बंद करवले तेच आता शाल निवडत आहेत! त्यांच्यावर चिडावे, तर अर्जावरचे अक्षर माझे.

सत्काराच्या दिवशी शाल-श्रीफळ समिती देईल. चावी मी देणार आहे, गावकीला न विचारता. देवीला मात्र विचारले. सरांना निरोगी शंभरी लाभावी म्हणून कौल लावला. उजवी पाकळी पडली. सर म्हणतील, त्या बाजूला पाणी कमी होते.

म्हणोत. ग्रंथालयात बसून म्हणोत.