नोएलीनचे पंचवीस अंश

नोएलीन पॅस्को पँटला पट्टा लावत नाही. नाडीची पँट, पायांत रबरी चपला, केसांत प्लास्टिकचा चाप. ब्रिस्बेनच्या नदीकाठी एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, दोन पुरुष उंचीच्या चुंबकाशेजारी जिने अर्धं आयुष्य काढलं, तिच्या अंगावर लोखंड सापडायचं नाही. लग्नात नवऱ्याने दिलेलं घड्याळ या चुंबकाने पहिल्याच महिन्यात बंद पाडलं. "घड्याळ गेलं, नवरा राहिला," ती सांगते. "उलटं झालं असतं तरी चाललं असतं."

मूळची ती उसाच्या मळ्यांतल्या बंडाबर्गची. बाप साखर कारखान्यात रस उकळायचा आणि तापमान जरा ढळलं की कारखाना डोक्यावर घ्यायचा. ते वळण पोरीत पुरेपूर उतरलं. तिच्या खोलीत चुंबकात ठेवलेला प्रथिनाचा नमुना पंचवीस अंशांवरच मोजायचा, म्हणजे आजचं मोजमाप गेल्या वर्षीच्या मोजमापाशी पडताळता येतं. कोणाला वेगळं तापमान हवंच असेल, तर त्याने आधी तिची परवानगी काढावी आणि काम झाल्यावर यंत्र परत पंचवीसवर आणावं. विसरला की दंड: सगळ्यांना लॅमिंग्टन, तेही घरी केलेले. चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले हे चौकोनी केक कितीतरी डॉक्टरेटवाले तिच्या धाकाने शिकून गेले.

एका वर्षी उन्हाळ्यात नोएलीन खाडीवर मासे धरायला गेली आणि डासांनी तिला धरलं. रॉस रिव्हर ताप, डासांतून पसरणाऱ्या विषाणूचा. ताप लवकर उतरला, पण सांधे धरून बसला. हिवाळा आला तरी सकाळी बोटं वळेनात. लॉन बोल्स खेळताना हिरवळीवर घरंगळवायचा गोळा हातात बसेना, म्हणून क्लबच्या संघातून तिचं नाव गेलं. डॉक्टरने औषध म्हणून पॅरासिटॅमॉल दिलं आणि धीर धरायला सांगितलं.

त्यामुळे संस्थेतल्या प्रोफेसर इवन गारसाइडने याच विषाणूचं एक प्रथिन हाती घेतलं, तेव्हा मोजायचं काम तिने कोणाला दिलं नाही. हे प्रथिन म्हणजे विषाणूची कात्री. कात्रीच्या तोंडात औषधाचा रेणू अडकवला की विषाणूचं काम ठप्प. चुंबकात नमुना ठेवला की प्रथिनाच्या साखळीतला जवळपास प्रत्येक मणी पडद्यावर एकेका ठिपक्यासारखा दिसतो. औषध जिथे चिकटेल तिथला ठिपका हलतो. पण कात्रीच्या तोंडावर एक झडप होती आणि नेमके त्या झडपेचेच ठिपके गायब होते. प्रथिन पुन्हा पुन्हा बनवून पाहिलं, तरी तिथे कोरी जागा.

"तापमान बदलून बघायचं का?" इवनने एकदा विचारलं होतं.

"तू प्रोफेसर आहेस, आचारी नाहीस," असं म्हणून तिने त्याला वाटेला लावलं.

शेवटी इवन खाली आला. "नोएल, झडप बनतानाच खराब होतेय. उद्याच्या बैठकीत हे प्रथिन मी बंद करतोय. फ्रीजरात जाऊ दे."

"तुझे सांधे दुखत असते तर टाकलं असतंस फ्रीजरात?"

"दुखतात ना माझे सांधे."

"ते वयाने. त्याला विषाणू काय करणार?"

इवन हसला, पण निर्णय बदलला नाही. नोएलीनने शेवटचं एकदा म्हणून नमुना चुंबकात सोडला. तापमान तिने बघितलंही नाही. तिच्या खोलीत ते कोण बदलणार?

चहा घेऊन परतली तर पडद्यावरचे सगळे ठिपके सरकलेले. आकडा पाहिला: पाच अंश.

"तविता!"

तविता लेओटा हा शेजारच्या लोगन शहरातला धिप्पाड सामोअन तरुण, दारातून अंग तिरकं करूनच आत यायचा. यंत्रावर कालचा शेवटचा नंबर त्याचा होता.

"आंटी, परवानगी घेतली होती मी."

"गार करायची घेतली होतीस. गार ठेवून जायची नाही!"

"रग्बीची मॅच होती, आंटी."

"मग आता खोबरं आण."

चित्र पुसायला तिने हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. कोऱ्या जागेत ठिपके होते. तेही जोडीजोडीने, एक मोठा आणि शेजारी एक लहान.

"हे काय? दोन-दोन?" तविताने मान खुपसली.

नोएलीनने खुर्ची पडद्याजवळ ओढली. "माझ्या व्हरांड्यात पंखा आहे. जोरात फिरतो तेव्हा पाती दिसत नाहीत. म्हणून काय पंख्याला पाती नाहीत?"

"म्हणजे झडप धड आहे?"

"धड आहे आणि हलतेय. पंचवीस अंशांवर अशा वेगाने उघडझाप करत होती की सगळं पुसून जायचं. तू गारठवलीस, ती मंदावली. मोठा ठिपका झडप बंद असतानाचा, लहान उघडी असतानाचा. पोरा, औषधासाठी तपासलेले ते छोटे रेणू कपाटातून काढ."

त्या रेणूंनी पंचवीसवर काहीच दाखवलं नव्हतं. दिवसभर दोघांनी ते एकेक करून गारठ्यात घातले. बरेचसे आताही ढिम्म राहिले. संध्याकाळी एकाने मात्र लहान ठिपके मोठे केले आणि मोठे लहान. झडपेत पाय अडकवून कोणीतरी दार उघडं धरलं होतं. ते औषध नव्हतं, नुसता पाय होता. पण होता.

दुसऱ्या दिवशी बैठकीत इवनने चित्रातले जोडठिपके एकेक करून मोजले. मग म्हणाला, "ठेवू या प्रथिन. पण हे आधी का नाही दिसलं?"

तविताने छताकडे पाहिलं.

"नियम माझा होता," नोएलीन म्हणाली.

"आणि मी विचारलं तेव्हा 'आचारी नाहीस' असं मला कोण म्हणालं होतं?"

"कळलं. सोमवारी आणते."

सोमवारी तविताचे लॅमिंग्टन आले. इतके सुबक, की त्याच्या आईने केले हे कोणी सांगायची गरज नव्हती. नोएलीनच्या डब्यातले वेडेवाकडे होते, कोपरे चेपलेले, खोबरं एकाच बाजूला.

इवनने एक उचलून फिरवून पाहिला. "हे चौकोनी असतात ना?"

नोएलीनने आखडलेली बोटं त्याच्यासमोर धरली. "तू औषध बनव. मी चौकोनी करून देते."